खांद्याची वेदना, छातीतला श्वास



आपल्या मानेच्या बाजूला, गळ्याच्या आडव्या हाडाच्या दोन-तीन बोटे वर, हात ठेवून पाहा. मानेच्या ठळक स्नायूच्या मागे एक उथळ खाच बोटांना जाणवेल. या खाचेच्या तळाशी, कातडीपासून फारशा खोल नसलेल्या जागी, मणक्यांतून निघालेली पाच मज्जातंतूंची मुळे एकत्र येतात आणि त्यांची जुडी काखेतून हातात उतरते. खांदा हलवण्याची आज्ञा या जुडीतून खाली जाते आणि खांद्याची बहुतेक सारी वेदना याच जुडीतून वर मेंदूकडे जाते. या जुडीच्या पुढ्यात एक स्नायू आहे. त्या स्नायूच्या अंगावरून आणखी एक बारीक मज्जातंतू खाली उतरतो. त्याचे हाताशी काही काम नाही. तो छातीत शिरतो, हृदयाच्या कडेने जातो आणि छाती व पोट यांच्यामधील श्वासपटलाला मिळतो. असा एक मज्जातंतू उजवीकडे आणि एक डावीकडे असतो. आपण घेतो तो प्रत्येक श्वास मुख्यतः या दोघांच्या आधारावर चालतो.

खांद्याची वेदना आणि छातीतला श्वास यांचा हा असा निकटचा शेजार आहे. खांद्यावर शस्त्र चालवताना रोग्याची वेदना तर थांबली पाहिजे, पण श्वास थांबता कामा नये, हे ऐकायला सोपे वाटते. वैद्यकाला मात्र ते साधण्यासाठी पावणेदोनशे वर्षे झटावे लागले, आणि ते काम अजून पुरते संपलेले नाही. त्या खटपटीचा इतिहास आज थोडक्यात आपणापुढे मांडण्याचा माझा विचार आहे.

भुलीचा शोध लागण्यापूर्वी खांद्यावरचे उपचार कसे होत असत, याची कल्पना आज करणेही कठीण आहे. निखळलेला खांदा बसवण्याच्या अनेक रीती हिपोक्रेटीस या प्राचीन ग्रीक वैद्याच्या नावावर असलेल्या ग्रंथांत वर्णिल्या आहेत. रोग्याला उताणे निजवावे, वैद्याने आपली टाच त्याच्या काखेत रोवावी आणि हात ओढावा, ही त्यांपैकी एक रीत. शिडीच्या पायरीवरून हात पलीकडे घेऊन देहाच्या भाराने सांधा बसवावा, ही दुसरी. रीत कोणतीही असो, वैद्याला दोन विरोधकांशी झुंजावे लागे. एक वेदना आणि दुसरा स्नायूंचा आवळ. वेदनेने स्नायू आवळले जात, आणि ते आवळल्यामुळे सांधा जागी बसत नसे. नेपोलियनच्या सैन्याचे शस्त्रवैद्य बॅरन लारे यांनी १८१२ साली बोरोदिनोच्या लढाईत एका दिवसरात्रीत सुमारे २०० अवयवच्छेद केल्याचे लिहून ठेवले आहे. खांद्याच्या सांध्यातून सबंध हात काढून टाकण्याच्या शस्त्रक्रियेत त्यांचा हातखंडा होता. रोग्याचे क्लेश कमी करण्याचे त्यांच्यापाशी एकच भरवशाचे साधन होते, आणि ते म्हणजे हाताचा वेग.

हे चित्र १६ ऑक्टोबर १८४६ रोजी पालटले. त्या दिवशी बोस्टन येथील मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलमध्ये विल्यम मॉर्टन या दंतवैद्याने एका तरुणाला ईथरची वाफ हुंगवली, आणि तो गुंगीत असता डॉ. जॉन वॉरन यांनी त्याच्या मानेवरील गाठीवर शस्त्रक्रिया केली. त्यापूर्वी १८४२ मध्येच जॉर्जिया प्रांतातील क्रॉफर्ड लाँग या डॉक्टरांनी ईथरचा असा उपयोग केला होता. परंतु त्यांनी तो वेळीच प्रसिद्ध केला नाही. नोव्हेंबर १८४७ मध्ये एडिंबरोच्या जेम्स सिम्पसन यांनी क्लोरोफॉर्म पुढे आणला. देवाने दिलेली वेदना माणसाने हिरावून घ्यावी काय, असा आक्षेप काही जणांकडून येईल हे ओळखून सिम्पसन यांनी त्याला बायबलमधूनच उत्तर दिले. उत्पत्तीच्या पुस्तकात, आदामाची फासळी काढण्यापूर्वी देवाने त्याला गाढ झोप आणली, याकडे त्यांनी बोट दाखवले. खांद्याच्या रोग्याला या नव्या विद्येचा दुहेरी लाभ झाला. वेदना गेली आणि तिच्याबरोबर स्नायूंचा आवळही गेला. जो सांधा बसवण्यासाठी पूर्वी चार माणसांचे बळ लागे, तो आता हलक्या हाताने जागी सरकू लागला.

आपल्या मराठीत या विद्येला 'भूल' हे नाव पडले आहे. भूल म्हणजे मोहिनी, भूल म्हणजे विस्मरण, आणि भूल म्हणजे चूकही. हे तिन्ही अर्थ या इतिहासात पुढे भेटतात.

क्लोरोफॉर्म येऊन अवघे तीन महिने होतात न होतात तोच, २८ जानेवारी १८४८ रोजी, इंग्लंडमध्ये न्यूकॅसलजवळ १५ वर्षांची एक मुलगी पायाच्या बोटाचे नख काढताना क्लोरोफॉर्मखाली दगावली. शस्त्रक्रिया अगदी किरकोळ, रोगी तरुण, आणि मृत्यू दोन-तीन मिनिटांत. पुढे असे प्रसंग वारंवार घडू लागले. अशा वेळी आधी श्वास बंद पडतो की आधी हृदय, या प्रश्नावर डॉक्टरांत दोन तट पडले.

या वादाचा एक मोठा अध्याय आपल्या हैदराबादेत लिहिला गेला. तेथील रेसिडेन्सी सर्जन डॉ. एडवर्ड लॉरी हे एडिंबरोच्या परंपरेत वाढलेले. भूल देणाऱ्याने नाडीकडे पाहू नये, केवळ श्वासावर लक्ष ठेवावे, हे त्यांचे ठाम मत. ते सिद्ध करण्यासाठी सहावे निजाम मीर महबूब अली खान यांच्या आश्रयाखाली १८८८ मध्ये प्राण्यांवर प्रयोग झाले. लंडनच्या 'लॅन्सेट' या वैद्यकीय पत्राने त्यांवर शंका घेतली. तेव्हा निजामांनी १००० पौंड देऊन त्या पत्राच्याच प्रतिनिधीला पाचारण केले, आणि १८८९ मध्ये सर लॉडर ब्रंटन यांच्या उपस्थितीत दुसऱ्या आयोगाचे काम झाले. क्लोरोफॉर्मने आधी श्वास थांबतो, हृदय मागाहून, असा या आयोगाचा निर्णय झाला. याच काळात हैदराबादच्या वैद्यकीय शाळेत शिकलेल्या रूपाबाई फर्दुनजी या पारशी महिलेची गणना जगातील आरंभीच्या स्त्री भूलतज्ज्ञांत होते, ही गोष्ट त्या शहराने अभिमानाने सांगावी अशी आहे.

हैदराबाद आयोगाने श्वासाकडे पाहण्याची जी शिकवण दिली ती मोलाची होती. परंतु तो निर्णय अर्धसत्य होता. १९११ मध्ये इंग्लंडच्या गुडमन लेव्ही यांनी दाखवून दिले की, हलकी, अर्धवट भूल दिलेली असताना क्लोरोफॉर्म थेट हृदयावर घाला घालतो. हृदयाचे ठोके नाहीसे होऊन ते नुसते थरथरू लागते, आणि माणूस जातो. किरकोळ कामासाठी थोडीच भूल पुरेल, असे समजून दिलेला क्लोरोफॉर्म अधिक घातकी का ठरत होता, याचा उलगडा तेव्हा झाला. म्हणजे श्वास आणि नाडी या दोहोंवर पहारा हवा होता.

हा पहारा कागदावर मांडण्याचे काम बोस्टनमध्ये दोन विद्यार्थ्यांनी केले. हार्वे कुशिंग आणि अर्नेस्ट कॉडमन हे दोघे हार्वर्डचे वैद्यकाचे विद्यार्थी. त्या काळी ईथर देण्याचे काम अशा अननुभवी मुलांवर सोपवले जाई. कुशिंग यांनी ईथर दिलेला एक रोगी १८९३ मध्ये शस्त्रक्रियेच्या मेजावर मरण पावला. त्या धक्क्याने वैद्यक सोडून देण्याचा विचारही त्यांच्या मनात आला होता. पुढे या दोघा मित्रांनी, अधिक चांगली भूल कोण देतो, अशी एका भोजनाची पैज लावली, आणि १८९४ मध्ये शस्त्रक्रिया चालू असताना रोग्याची नाडी व श्वास दर काही मिनिटांनी तक्त्यावर टिपण्यास आरंभ केला. भुलीची लेखी नोंद ठेवण्याची पद्धत येथून रूढ होत गेली.

कुशिंग पुढे मेंदूच्या शस्त्रक्रियेचे आचार्य म्हणून जगद्विख्यात झाले. कॉडमन यांनी निवडला तो खांदा. खांद्याच्या सांध्याला चार स्नायूंचे बंध गवसणीप्रमाणे वेढून असतात. हे बंध फाटले की हात वर उचलत नाही आणि रात्री झोप लागू न देणारी वेदना सुरू होते. असा फाटलेला बंध शिवण्याच्या शस्त्रक्रियेचे वृत्त कॉडमन यांनी १९११ मध्ये प्रसिद्ध केले, आणि १९३४ मध्ये खांद्यावरचा आपला मोठा ग्रंथ छापला. पण त्यांचा खरा ध्यास निराळा होता. प्रत्येक रोग्याचे अखेरीस काय झाले, तो बरा झाला की नाही, आणि नसेल तर चूक कोणाची, याचा हिशेब रुग्णालयाने ठेवावा आणि तो जाहीर करावा, असा त्यांचा आग्रह होता. स्वतः काढलेल्या छोट्या रुग्णालयात १९११ ते १९१६ या काळात त्यांनी ३३७ रोग्यांची नोंद ठेवली आणि तीत १२३ चुका लिहून त्या छापून प्रसिद्ध केल्या. आपल्याकडचे व्यापारी हिशेबाच्या शेवटी 'चूकभूल द्यावी घ्यावी' असे लिहून मोकळे होतात. कॉडमन यांनी ती चूकभूल वहीच्या पहिल्या पानावर आणली. बोस्टनच्या प्रतिष्ठित डॉक्टरांना ते मानवले नाही. १९१५ मध्ये भरसभेत त्यांच्यावर टीका करणारे व्यंगचित्र दाखवल्यावर कॉडमन यांना त्या समाजात पुष्कळसे एकटे पडावे लागले.

इकडे वेदना थांबवण्याचा एक दुसराच मार्ग खुला होत होता. सबंध माणसाला झोपवण्याऐवजी दुखणाऱ्या भागाचा मज्जातंतूच काही काळ मुका केला तर? १८८४ मध्ये व्हिएन्नाचे तरुण डॉक्टर कार्ल कोलर यांनी कोकेनचे थेंब टाकून डोळा बधिर करता येतो हे सिद्ध केले. ही वार्ता अमेरिकेत पोचताच न्यूयॉर्कचे शस्त्रवैद्य विल्यम हॉलस्टेड यांनी कोकेन थेट मज्जातंतूंत टोचण्यास सुरुवात केली. मानेतील ती पाच मुळांची जुडी शस्त्राने उघडी करून त्यांनी तीत कोकेन सोडले, आणि रोगी जागा असताना त्याचा हात बधिर झाला. या विजयाची किंमत मात्र भयंकर होती. हॉलस्टेड आणि त्यांचे सहकारी हे प्रयोग स्वतःच्या देहावर करीत. कोकेनची मोहिनी अशी काही जडली की, सहकाऱ्यांपैकी काही त्यातच संपले, आणि हॉलस्टेड पुढे जॉन्स हॉपकिन्स येथे थोर शस्त्रवैद्य म्हणून गाजले तरी व्यसनातून कधीच पूर्ण सुटले नाहीत. कोकेनची सवय पुढे मॉर्फिनवर गेली, इतकेच.

जर्मनीत १९०५ च्या सुमारास प्रोकेन हे कमी धोक्याचे औषध उपयोगात आले आणि हा मार्ग निर्धोक होऊ लागला. १९११ मध्ये त्सविकाऊ येथील कुलेनकाम्फ यांनी माने-गळ्याच्या संधीत, आडव्या हाडाच्या वरून, कातडी न कापता केवळ सुईने त्या जुडीपर्यंत पोचण्याची रीत सांगितली. ती त्यांनी प्रथम स्वतःवर करून पाहिली होती. हातावरील शस्त्रक्रियांसाठी ही रीत उत्तम ठरली. पण त्या जागी फुफ्फुसाचे टोक अगदी लगत असते. सुई थोडी चुकली की फुफ्फुसाला भोक पडे. शिवाय खांद्याला लागणारी वरची मुळे दरवेळी पुरती बधिर होत नसत.

खांद्यासाठी नेमकी जागा १९७० मध्ये शिकागोचे भूलतज्ज्ञ ॲलन विनी यांनी दाखवली. भाषणाच्या आरंभी आपण बोटाने चाचपली ती मानेची खाच हीच ती जागा. येथे औषध सोडले की खांदा पुरता बधिर होतो आणि फुफ्फुसही तेथून दूर राहते. जगभर ही रीत पसरली. १९५७ मध्ये स्वीडनमध्ये तयार झालेल्या ब्युपिव्हकेनसारख्या दीर्घकाळ टिकणाऱ्या औषधाची जोड तिला मिळाल्यावर शस्त्रक्रियेनंतरचे बारा-बारा तासही वेदनेविना जाऊ लागले.

पण आता तो जुना शेजार आडवा आला. खाचेत सोडलेले औषध पुढच्या स्नायूवरून पसरते आणि श्वासपटलाच्या मज्जातंतूलाही मुके करते. हे कधीमधी घडते, असा समज होता. १९९१ मध्ये न्यूयॉर्कच्या विल्यम उर्मी व त्यांच्या सहकाऱ्यांनी अशी भूल दिलेल्या रोग्यांची ध्वनिलहरींच्या यंत्राने तपासणी केली, तेव्हा तपासलेल्या प्रत्येक रोग्याच्या त्या बाजूचे श्वासपटल लुळे पडलेले आढळले. निरोगी माणसाला याची जाणीवही होत नाही, कारण दुसऱ्या बाजूचे पटल काम करीत असते आणि काही तासांत सारे पूर्ववत होते. परंतु ज्याची छाती दम्याने किंवा दीर्घ धूम्रपानाने आधीच जर्जर झाली आहे, त्याला श्वासाचा चतुर्थांश भाग काही तासांसाठी गमावणेही परवडत नाही. याच भुलीने कधी त्या बाजूची पापणी किंचित झुकते, कधी आवाज घोगरा होतो. ही लक्षणे तात्पुरती असतात. परंतु रोग्याला आधी सांगितले नसेल तर तो घाबरून जातो.

यावर उपाय निघाला तो पुन्हा पाहण्यातून आणि मोजण्यातून. १९९४ मध्ये व्हिएन्नाच्या स्टेफान काप्राल आणि सहकाऱ्यांनी ध्वनिलहरींच्या पडद्यावर मज्जातंतूंच्या आसपासची जागा प्रत्यक्ष पाहत सुई नेण्याची रीत प्रसिद्ध केली. सुई डोळ्यांना दिसू लागल्यावर औषध कमी पुरू लागले. २००८ मध्ये टोरांटो येथे झालेल्या एका तुलनेत २० मिलिलिटरऐवजी केवळ ५ मिलिलिटर औषध वापरून पाहिले. वेदना दोन्ही गटांत सारखीच शमली. श्वासपटल मात्र जास्त औषधाच्या गटात सर्वांचे लुळे पडले, आणि कमी औषधाच्या गटात शंभरातील ४५ जणांचे. म्हणजे धोका घटला, पण संपला नाही. म्हणून छाती दुबळी असलेल्या रोग्यांसाठी भूलतज्ज्ञ मान सोडून खांद्याच्या मागल्या अंगाला, पाठीच्या फऱ्यावरील मज्जातंतूकडे वळतात. खांद्याच्या सांध्याची सुमारे ७० टक्के संवेदना त्या एका तंतूतून जाते, असे मानतात.

आजच्या खांद्याच्या शस्त्रक्रियेत बहुधा दोन्ही मार्गांचा संगम असतो. रोग्याला झोपही दिली जाते आणि मानेतील जुडीही बधिर केली जाते, त्यामुळे झोपेचे औषध कमी लागते. येथे एक व्यवहाराची गोष्ट सांगितली पाहिजे. बधिरपणा उतरतो तो बहुधा रात्री, आणि दडपलेली वेदना तेव्हा एकदम उसळून येते. म्हणून वेदनाशामक गोळ्या, डॉक्टरांनी सांगितल्याप्रमाणे, बधिरपणा पुरता जाण्यापूर्वीच सुरू करावयाच्या असतात. वेदना आल्यावर घेऊ, असे म्हणणाऱ्याची रात्र वाईट जाते. आणि ज्याला जिना चढताना धाप लागते, त्याने शस्त्रक्रियेपूर्वी भूलतज्ज्ञाला ते आवर्जून सांगावे. विचारले नाही म्हणून सांगितले नाही, असे होऊ नये.

आपल्या समाजात आजही पुष्कळ वडीलधारी माणसे वेदना मुकाट्याने सोसणे हा सद्गुण मानतात आणि गोळी मागण्यास संकोचतात. त्यांच्यासाठी एक दाखला द्यावासा वाटतो. २४ फेब्रुवारी १९५७ रोजी पोप बारावे पायस यांनी भूलतज्ज्ञांच्या प्रश्नांना उत्तरे देताना स्पष्ट केले की, वेदनेपासून सुटका मिळवण्यात ख्रिस्ती माणसाला नीतीची आडकाठी नाही. वेदना स्वेच्छेने स्वीकारणाऱ्याचा त्याग श्रेष्ठ असेल. पण ते कोणावर बंधन नव्हे. ज्या धर्माने क्रूसावरच्या वेदनेला पूज्य मानले, त्या धर्माच्या आचार्यांनी हे म्हणावे, याला मोठा अर्थ आहे. सोसणे आणि सोसावे लागणे यांत अंतर आहे. फाटलेला खांदा शिवून घेतलेल्या सत्तरीच्या माणसाला रात्रभर तळमळत ठेवल्याने कोणाचेही कल्याण होत नाही. उलट वेदनेच्या भीतीने तो खांदा हलवीत नाही, आणि शिवलेला सांधा आखडून बसतो.

कॉडमन १९४० मध्ये वारले. बोस्टनजवळ केंब्रिज येथील माउंट ऑबर्न दफनभूमीत त्यांना पुरले. पण त्या जागी त्यांच्या नावाचा दगड नव्हता. अमेरिकेतील शस्त्रवैद्यांनी पुढे वर्गणी जमवली आणि २०१४ मध्ये, म्हणजे चौऱ्याहत्तर वर्षांनी, तो दगड उभा राहिला. त्यांनी आणि कुशिंग यांनी सुरू केलेला तक्ता मात्र कधीच थांबला नव्हता. आज कोणत्याही शहरात खांद्याची शस्त्रक्रिया चालू असते, तेव्हा रोग्याच्या उशाशी भूलतज्ज्ञ बसलेला असतो आणि दर पाच मिनिटांनी नाडी, रक्तदाब आणि श्वास यांचे आकडे नोंदले जात असतात. झोपलेल्या रोग्याला ती नोंद दिसत नाही. जागा झाल्यावर तो पाहतो तो आपला बधिर हात आणि चालू असलेला श्वास.